कथा सांगते काय, दगड सांगतो काय?



आपल्या या जंगलपट्टीत लेणे दिसले की ते पांडवांनी कोरले, असे सांगण्याची रीतच आहे. भद्रावतीचेच उदाहरण घ्या. यौवनाश्व राजाची नगरी ती हीच, अश्वमेधाचा श्यामकर्ण घोडा इथूनच नेला, अशी लोकांची समजूत. पण त्याच गावच्या विजासन टेकडीत डोंगरात सरळ शिरणारा लांब बोळ आहे, त्याच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती आहे. घोड्याच्या कथेत या बुद्धाला कुठेच जागा नाही. दगडात मात्र तो आहे.

कोणी म्हणेल, दुसऱ्यांच्या कथा तपासता, मग आपल्या कथांचे काय? प्रश्न रास्त आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी तो आधीच विचारला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात ते विचारतात की, सिद्धार्थाने २९ व्या वर्षी गृहत्याग केला. तोवर त्याला म्हातारा, रोगी किंवा प्रेत दिसलेच नव्हते, हे पटते काय?

वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. स्तूपाच्या अवशेषांत नाग कोरलेला दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत मुचलिंद नागाचे नाव आहे. भर पावसात तथागतांवर फणा धरणारा तो हा. यावरून नागाने फणा धरला असे सिद्ध होते काय? नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ही कथा आपल्या वैनगंगेच्या काठी लोकांना ठाऊक होती, एवढे सिद्ध होते. आम्हाला हे थोडे वाटत नाही.

आणि देवटेक! नागभीड तालुक्यातील हे लहानसे गाव. तिथल्या शिळेवर प्राकृतात आज्ञा आहे की प्राणी पकडू नयेत, मारू नयेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अशोकाच्या अधिकाऱ्याची मानली. पुढे चौथ्या शतकात वाकाटक रुद्रसेनाने त्याच शिळेवर आपला लेख कोरविला. म्हणजे एका राजवटीच्या शब्दांवर दुसरीचे शब्द. मिराशी बौद्ध नव्हते. अक्षरांनी जे सांगितले ते त्यांनी लिहिले. आपल्यालाही तेच करावे लागेल.

कारण आज आपल्यातील काही तरुण शेंदूर फासलेला प्रत्येक दगड बुद्धमूर्ती ठरवून मोकळे होतात. हे आम्हाला मान्य नाही. तो जैन तीर्थंकर असेल, गोंड वीराचा स्मारकदगड असेल. शेत नांगरताना, तळे खोदताना असे काही निघाले तर रंगवू नका, हलवू नका. फोटो काढा, जागा लिहा, तलाठ्यांना व पुरातत्त्व खात्याला कळवा. आजी सांगते ती कथाही लिहून घ्या, पण वेगळ्या पानावर.

दुसरे काम त्याहून तातडीचे आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. त्या दिवसाच्याही आता घरोघरी निरनिराळ्या कथा झाल्या आहेत. तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे मोजकीच उरली. आपल्या तालुक्यात कोण आहेत, तेव्हा त्यांचे वय काय होते, बैलगाडीने गेले की पायी, सोबत कोण होते, हे त्यांच्याच तोंडून या पावसाळ्याआधी लिहून घ्यायचे आहे. वह्या आम्ही आणल्या आहेत. सभा संपल्यावर गावाप्रमाणे नावे द्यावीत.