पोस्टकार्डावरचा चौकोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी जळगाव येथे केलेले भाषण)



आपल्या ज्वारीच्या बिबड्या, कुरडया व उडदाचे पापड परगावी कसे खपतील, यावर मला बोलायला सांगितले आहे. खरे म्हणजे गेल्या आखाजीला ते का खपले नाहीत, हेच सांगण्याचा अधिकार मला जास्त आहे. कारण चूक माझी होती.

पुणे, नाशिक, सुरत येथे दिलेल्या लेकीबाळींचे दोनशे पत्ते आपण जमवले. पोस्टकार्डावर क्यूआर कोड छापायचा आणि त्यावर मोबाइलचा कॅमेरा धरला की आपल्या मालाची यादी उघडायची, अशी योजना होती. साध्या कार्डाचे ५० पैसे धरून मी हिशेब मांडला. पोस्टात गेल्यावर कळले की छापील मजकुराच्या कार्डाचा दर निराळा आणि बराच जास्त असतो! तरी कार्डे गेली. आठ-दहा दिवस मागण्या आल्या, आणि मग एकाएकी थांबल्या. लोकांची हौस फिटली असेल, असे आम्हाला वाटले.

मग सुरतेहून एका लेकीचे हाताने लिहिलेले कार्ड आले: "मावशी, तुमचा चौकोन उघडतच नाही. फोन नंबर तरी घालायचा होता!" नंबर मीच गाळला होता, कार्ड सुबक दिसावे म्हणून.

झाले होते असे. कोड फुकट करून देणाऱ्या एका ठिकाणाहून मी तो करून घेतला होता. त्यात आपल्या यादीचा पत्ता नव्हताच. त्यांचा पत्ता होता, आणि तेथून ते आपल्याकडे धाडत. चौदा दिवसांची फुकट मुदत सरली आणि वाट बंद झाली. आपल्यातल्या एका भगिनीने डाळ उधारीवर आणली होती. तिच्या घरी पापडांचे डबे श्रावणापर्यंत पडून होते. ती मला एक शब्दही बोलली नाही, तेच अधिक लागले.

हा कोड जपानातल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला. कोपऱ्यांतले तीन चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात. मजबुती पुरेपूर ठेवली, तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो; मात्र पोस्टाचा शिक्का नेमका त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर बसला, तर पंचाईत! आपला पत्ता ज्यात थेट भरलेला असतो, त्या कोडाला मुदत नसते. यंदा तसाच केला आहे. दोन सेंटिमीटरांचा, भोवती कोरी जागा सोडून, आणि खाली ठळक फोन नंबर. सासूबाईंच्या काच तडकलेल्या मोबाइलवरही उघडून पाहिला. धुळ्याचा कोड निराळा, जळगावचा निराळा, म्हणजे कुणाच्या कार्डावरून किती मागणी आली ते कळेल. (पैज लावू नका!)

एक भीती मात्र खरी आहे. पैसे घेण्यासाठी आपण कोड स्कॅन करायचा नसतो की पिन टाकायचा नसतो. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा," असे कुणी म्हटले तर फोन ठेवून द्यावा. फसगत झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

कार्डे व पत्त्यांची वही टेबलावर ठेवली आहे. चहा झाल्यावर प्रत्येकीने वीस-वीस कार्डे घ्यावीत, आणि कोऱ्या जागेत आपल्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. सुरतेचे पहिले कार्ड मी लिहिणार आहे.