लोणारचें तळें आणि मंगळावरील शोध



महोत्सवाच्या दिवशीं जुन्या आठवणी काढण्याचा प्रघात आहे. आम्ही आज अंमळ अधिक जुनी गोष्ट काढणार आहों. धामणगांवाभोंवतीं ज्या काळ्या मातींत आपण कपाशी व तूर पेरतों, ती ज्या काळ्या दगडापासून झाली, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमींतून उसळलेल्या तप्त रसाचा आहे. पृथ्वीचें वय तर सुमारें ४५४ कोटी वर्षें. त्या मानानें आपला दगड कालचाच होय.

पृथ्वीच्या बाल्यकाळीं आकाशांतून मोठमोठे पाषाण तिजवर वारंवार आदळत. पाऊस, नद्या व भूमीची उलथापालथ ह्यांनीं त्या खुणा बहुतेक पुसून टाकिल्या. तसल्या आघाताची एक खूण, पुष्कळ अलीकडची, आपल्या वऱ्हाडांतच, बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें आहे. सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें हें वाटोळें विवर पूर्वीं कित्येक विद्वान ज्वालामुखीचें तोंड समजत. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तेथील भूमींत छिद्रें पाडून खालचे दगड तपासले, आणि १९७३ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं हा अशनीचा आघात होय. दगडांतील स्फटिक धक्क्यानें कांचेसारखे झाले होते, आणि तसें ज्वालामुखी करीत नाहीं. काळाविषयीं मात्र एकमत नाहीं. एका पद्धतीनें सुमारें ५२ हजार वर्षें येतात, दुसरीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार! लोककथेंत येथें लवणासुराचा वध झाला. कांहीं तरी अचाट घडलें हें पूर्वजांनीं ओळखिलें होतें, एवढें कबूल केलें पाहिजे.

मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशीं ह्याच जातीच्या दगडाचा आहे, म्हणून दूरदूरचे शास्त्रज्ञ लोणारास येतात. शिवाय तळ्याचें पाणी खारट व सोड्यासारखें. पिण्यास निरुपयोगी, तरी त्यांत सूक्ष्म जीव उदंड. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें, तें त्यांच्याचमुळें.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजीं अमेरिकेचें पर्सिव्हरन्स यान मंगळावर अशाच एका विवरांत उतरलें. जेझेरो त्याचें नांव. रुंदी सुमारें ४५ किलोमीटर, आणि एके काळीं त्यांतही तळें होतें. त्या तळ्यास मिळणाऱ्या, आतां आटलेल्या नदीच्या पात्रांत जुलै २०२४ मध्यें यानानें एका ठिपकेदार खडकाचा नमुना घेतला. ते ठिपके प्राचीन सूक्ष्म जीवांचे असूं शकतील, निर्जीव रासायनिक क्रियेचेही असूं शकतील, असें सप्टेंबर २०२५ मध्यें जाहीर झालें.

तेथें जीव सांपडले तर आपल्या श्रद्धेचें काय, असें तरुण मंडळी आम्हांस विचारतात. आम्हांस त्यांत भय दिसत नाहीं. नोव्हेंबर २००९ मध्यें खुद्द पोपमहाशयांच्या विज्ञान-अकादमीनें ह्याच विषयावर शास्त्रज्ञांची परिषद भरविली होती. सृष्टि कोणाची हें उत्पत्तीचें पुस्तक सांगतें. दगडाचें वय दगडासच विचारावें. आम्हांस भय वाटतें तें उतावळेपणाचें. जीव सांपडलाच असें छापणारीं वर्तमानपत्रें आणि सांपडणारच नाहीं असें ठासून सांगणारे धर्मोपदेशक, दोघेही पुराव्यापुढें धांवतात.

येत्या हिंवाळ्यांत तरुण मंडळी लोणारास जाणार आहेत. अकोल्यापर्यंत आगगाडी, पुढें मेहकरावरून एस्. टी. कांठावरचा दगड हातांत घेऊन खुशाल निरखावा. खिशांत मात्र घालूं नये. त्याच्याकडून शास्त्रज्ञांस अजून पुष्कळ विचारावयाचें आहे.