मोजून केलेले दुर्लक्ष

विज्ञानशिक्षकाच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानात मराठीच्या अध्यापकाने धारित्राविषयी बोलावे, हे कोणास विपरीत वाटेल. परंतु याच वडोदऱ्यात १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने व महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने कलाभवन उभे राहिले, ते तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवता यावी या आकांक्षेने. तोच धागा धरून, कारखान्यांत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांकडून समजून घेतलेला विषय मी मांडतो.

मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये आयजीबीटी नावाचा ट्रान्झिस्टर प्रवाह सुरू व बंद करतो. चालू असता त्याच्यावर साधारण दोन व्होल्ट उरतात. शॉर्ट सर्किट झाले, की तेथेच शेकडो व्होल्ट चढतात आणि जोडीला शेकडो अँपिअर वाहतात. अनेक आयजीबीटी हा भार दहा मायक्रोसेकंद सोसतात. पुढे ते जळतात. म्हणून गेट ड्रायव्हर त्या व्होल्टेजवर पहारा ठेवतो व मर्यादा ओलांडताच ट्रान्झिस्टर बंद करतो.

अडचण अशी, की निर्दोष ट्रान्झिस्टरही चालू होताना क्षणभर उच्च व्होल्टेजवरच असतो. तेवढा वेळ पहारेकऱ्याने डोळे मिटावेत, म्हणून एक छोटे धारित्र असते. या ‘ब्लँकिंग टाइम’ला मी ‘दुर्लक्षकाळ’ म्हणतो. आपल्याकडे दुर्लक्ष हा दोष आहे. येथे ते मोजून केलेले असते.

हे माप सोपे आहे. धारकता गुणिले मर्यादेचे व्होल्टेज, भागिले भरणारा प्रवाह. १०० पिकोफॅरड, ७ व्होल्ट आणि २५० मायक्रोअँपिअर धरले, तर २.८ मायक्रोसेकंद मिळतात. समजा, ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज उतरण्यास १.५ मायक्रोसेकंद लागतात, आणि दोष ओळखून सावकाश बंद करण्यास ३. मग एकूण ५.८, दहाच्या आत.

यंत्र विनाकारण थांबू लागले, की धारित्र वाढवण्याचा मोह होतो. २२० पिकोफॅरड घातले तर दुर्लक्षकाळ ६.२, एकूण ९.२, कागदावर तरीही सुरक्षित. परंतु धारित्र दहा टक्के अधिक व प्रवाह वीस टक्के कमी निघाला, तर दुर्लक्षकाळच ८.५ होतो आणि बेरीज साडेअकरावर जाते. यंत्र थांबणे थांबते, आणि एके दिवशी ट्रान्झिस्टर फुटतो. उलट बाजूही तपासावी: १०० चे धारित्र दहा टक्के कमी व प्रवाह वीस टक्के अधिक असला, तरी २.१ मायक्रोसेकंद उरतात, १.५ ची गरज भागते.

जुन्या सर्किटमधील आकडा नव्यात उतरवणे, हा दुसरा मोह. सिलिकॉन कार्बाइडचे अनेक ट्रान्झिस्टर दोन-तीन मायक्रोसेकंदच तग धरतात; तेथे १०० पिकोफॅरड घातक ठरतात. धारित्र फारच लहान केले, तर संवेदक डायोडची व सर्किट बोर्डाची स्वतःची धारकताही हिशेबात घ्यावी लागते. भरणारा प्रवाह वाढवणे, बंद करण्यातील विलंब घटवणे, हे मार्ग मग शोधावे लागतात.

तात्पर्य, धारित्र निवडताना खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा प्रतिकूलतम स्थितीत मोजाव्यात आणि त्यांच्या मधले माप घ्यावे. दोन मर्यादांमध्ये जागाच उरत नसेल, तर दोष धारित्राचा नसून आराखड्याचा आहे. हा विचार मराठीतून स्वच्छ करता येतो, हे या शाळेच्या विद्यार्थ्यांनी मला पटवून दिले.