शब्दांचे बिऱ्हाड



व्याख्यानमालेला तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य अशा भारदस्त विषयांची सवय असते. मी मात्र आज एका रुक्ष वाटणाऱ्या, पण आता घरोघरी येऊन ठेपलेल्या अडचणीविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी कोणी निवृत्तीनंतर लिहिता होतो. वडिलांच्या मुक्तिसंग्रामातील आठवणी, गावाचा इतिहास, १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपाची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत, असे काहीतरी त्याच्यापाशी असते. छापण्याचा खर्च झेपत नाही, म्हणून तो इंटरनेटवर स्वतःची जागा घेतो. ‘प्रकाशित करा’ ही कळ दाबतो. आणि पुण्याला असलेला मुलगा फोनवर सांगतो, “बाबा, इथं काहीच दिसत नाही.” किंवा सांगतो, “दिसतंय, पण नुसती प्रश्नचिन्हं दिसताहेत.” येथे पुष्कळांचा उत्साह मावळतो आणि आठवणी पुन्हा ट्रंकेत जातात. यात नुकसान त्या एका लेखकाचे नाही; आपल्या सबंध भागाचे आहे.

या अडचणीचे मूळ एका गैरसमजात आहे. कळ दाबली की प्रकाशन झाले, असे आपण धरून चालतो. वस्तुतः प्रकाशनाला तीन गोष्टी लागतात: मजकूर, नाव आणि जागा. या तिन्ही एकच नव्हेत. हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये, कारण आपल्या वृत्तपत्राच्या इतिहासाने हाच धडा दिला आहे. निजामी राजवटीत मोकळेपणाने मराठी पत्र काढणे अशक्य होते. तेव्हा १९३८ च्या सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक पुण्याहून काढले. निजाम सरकारने त्याच्यावर बंदी घातली की ते दुसऱ्या नावाने निघे. त्या नावावर बंदी आली की तिसऱ्या. सरकार नाव हिरावून घेऊ शकत होते. मजकूर आणि छापखाना मात्र त्याच्या हुकमतीबाहेर होता. ज्याला नाव, मजकूर आणि जागा यांतील फरक कळला होता, त्याचे पत्र बंद पाडणे राजसत्तेलाही जड गेले.

आता आपल्या अडचणीकडे वळू. बिघाड शोधण्याची रीत कोणती? लातूरकरांना मी पाण्याचे उदाहरण देणे म्हणजे धाडसच आहे; २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आलेले हे शहर आहे. नळाला पाणी आले नाही तर शहाणा माणूस आधी घरातली तोटी पाहतो, मग टाकी, मग गल्लीतील नळ, आणि शेवटी धरणाची चौकशी करतो. पहिल्याच क्षणी धरण आटले म्हणून तो डोक्याला हात लावीत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. क्रमाने पाहावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड दुरुस्त झाला तरी तो कशाने झाला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

पहिली पाहणी घरातल्या तोटीची. लेख खरोखर प्रकाशित झाला आहे, की मसुदा म्हणूनच राहिला आहे? मालक म्हणून आपण आत गेलेले असतो, त्यामुळे आपल्याला आपला मसुदाही दिसतो आणि जगालाही तो दिसत असेल असे वाटते. म्हणून ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून, किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलवर, परक्या माणसासारखे आपले पान पाहावे. दुसरी गोष्ट घड्याळाची. पुष्कळ ठिकाणी संकेतस्थळाचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावलेले असते. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी ९ वाजता प्रसिद्ध व्हावा म्हणून ठेवलेला लेख मग आपल्याकडे दुपारी अडीच वाजता उगवतो, आणि तोवर लेखक हवालदिल झालेला असतो. तिसरी गोष्ट अशी की ब्राउझर पानाची जुनी प्रत जपून ठेवतो आणि तीच पुन्हा दाखवतो. दुरुस्ती केली तरी चूक तशीच दिसते, ती यामुळे. पान नव्याने मागवले की शंका फिटते.

दुसरी पाहणी पत्त्याची. संकेतस्थळाचे नाव माणसांसाठी असते. यंत्रे एकमेकांना अंकांनी ओळखतात. नावावरून अंक शोधून देणारी जगभरची एक नोंदवही आहे. तिची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. ब्राउझर ‘असे ठिकाण सापडत नाही’ म्हणतो, तेव्हा दोष बहुधा या नोंदवहीत असतो. नावाचे वार्षिक शुल्क थकले काय, हे प्रथम पाहावे. नंतर नावापुढे लिहिलेला अंक आपल्या जागेचाच आहे काय, हे पाहावे. नोंद आजच बदलली असेल तर मात्र धीर धरावा. वाटेतल्या ठिकठिकाणच्या यंत्रांनी जुनी नोंद टिपून ठेवलेली असते. ती पुसली जाईपर्यंत कधी काही तास, कधी दिवस-दोन दिवस जातात. त्या काळात नांदेडला पान दिसते आणि लातूरला दिसत नाही, असा चमत्कार घडू शकतो. त्यात कोणाची लबाडी नसते.

तिसरी पाहणी जागेची, म्हणजे सर्व्हरची. नाव सापडले, दारही सापडले, पण आतून उत्तर काय येते? ते बहुधा आकड्यात येते, आणि त्या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही. तो निदानच सांगत असतो. ४०४ म्हणजे घर आहे, पण मागितलेले पान त्या खोलीत नाही; पत्त्यातील एखादे अक्षर तपासा. ४०३ म्हणजे पान आहे, पण पाहण्याची परवानगी नाही; फायलींचे अधिकार तपासा. ५०० म्हणजे घरातच काही मोडले आहे. बहुधा नुकताच बसवलेला एखादा जोडभाग त्याला कारण असतो, तो काढून पाहा. ५०३ म्हणजे यंत्र सध्या कामाच्या ओझ्याने किंवा दुरुस्तीमुळे उत्तर देऊ शकत नाही, थोडे थांबा. जागा भाड्याने देणाऱ्याकडे तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढेच लिहू नये. कोणत्या पानावर, किती वाजता, कोणता आकडा दिसला, हे लिहावे. वैद्याकडे गेलेला रोगी ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणून गप्प बसला तर वैद्याने तरी काय करावे?

चौथी पाहणी कुलपाची. आजचे ब्राउझर ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ असा इशारा देतात आणि वाचक भिऊन परत जातो. याचा अर्थ लेखात काही वावगे आहे असा नव्हे. जागा आणि वाचक यांच्यातील संभाषण बंद पाकिटात व्हावे यासाठी एक प्रमाणपत्र लागते. ते नसते किंवा त्याची मुदत संपलेली असते, इतकाच त्याचा अर्थ. फुकट मिळणारी बरीच प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात. ती आपोआप नवी होण्याची व्यवस्था जागेबरोबरच मागून घ्यावी.

आता पाचवी पाहणी अक्षरांची. ही खास आपली, मराठी माणसाची अडचण आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचेही श्रद्धास्थान. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. भाषा मराठीच; पण विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली संशोधकांच्या हाती लागेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला ते ग्रंथ अगम्य होते. आपल्या संगणकावरील मराठीने नकळत तेच केले. १९९० च्या दशकात आपण निरनिराळ्या फॉन्टांत मराठी टंकित केली. पडद्यावर देवनागरी दिसे. संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षरेच साठवली जात. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला नुसता गोंधळ दिसे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक दिला, आणि त्यामुळे ही फॉन्टाफॉन्टांची भिंत पडली. तेव्हा जुना मजकूर संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी तो युनिकोडात बदलून घेतला पाहिजे. बदलून घेतल्यावर दोन जागा डोळ्यांखालून घालाव्यात: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुने फॉन्ट डोळ्याला दिसणारा क्रम पाळीत, म्हणून वेलांटी अक्षराच्या आधी येई. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते, म्हणून ती अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे. चुका नेमक्या तेथेच राहतात.

पण मजकूर युनिकोडात असूनही कधी बिघडतो, तो कसा? रोमन अक्षराला साठवणीत एक घर पुरते. प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘लातूर’ या शब्दात काना आणि ऊकार धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा घरे. वाचणाऱ्या यंत्राला हे सांगितले नाही तर ते एकेक घर सुटे वाचते, आणि पाच चिन्हांच्या जागी स्वरचिन्हे डोक्यावर घेतलेल्या विचित्र रोमन अक्षरांची रांग उभी राहते. असे दिसले तर घाबरू नये. मजकूर आत शाबूत आहे, वाचण्याची रीत तेवढी चुकली आहे. ती दुरुस्त करता येते. प्रश्नचिन्हांच्या रांगा मात्र निराळ्या. त्यांचा अर्थ बहुधा असा, की ज्या कोठारात मजकूर ठेवला ते देवनागरीसाठी सिद्धच नव्हते, आणि त्याने प्रत्येक चिन्ह टाकून देऊन त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले. मायएसक्यूएल हे अनेक संकेतस्थळांचे कोठार. न सांगता मिळणारी त्याची मांडणी २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंत पश्चिम युरोपच्या लिपींपुरती होती. त्यात असे गेलेले मराठी परत येत नाही. मूळ प्रत जवळ असेल तरच ते पुन्हा चढवता येते.

येथे मी मुख्य मुद्द्याशी येतो. वरचे सर्व बिघाड दुरुस्त होतात. दुरुस्त होत नाही तो एकच: मूळ प्रत हरवणे. जिओसिटीज या ठिकाणी लोकांनी फुकट जागेत लक्षावधी पाने उभारली होती. जपान वगळता ते २००९ साली बंद झाले. आपल्याकडे अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. मालकाने घर पाडले. भाडेकरूंना सूचना मिळाली, पण सामान किती जणांनी हलवले? वाघमाऱ्यांच्या काळी राजा नावावर घाला घालीत होता आणि जागा सुरक्षित होती. आज उलटे आहे. जागा दुसऱ्याची असते आणि ती केव्हाही जाऊ शकते. नाव मात्र आपल्याला राखता येते. नाव आपले असेल तर जागा बदलून नोंदवहीत नवा अंक लिहिला की काम भागते. वाचकाला बिऱ्हाड हलल्याचे कळतही नाही.

म्हणून नवे संकेतस्थळ काढणाऱ्याने चार पथ्ये पाळावीत. नाव स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावे नोंदवावे, ते उभारून देणाऱ्या होतकरू तरुणाच्या नावे नव्हे. तो उद्या नोकरीला बंगळूरला जाईल आणि परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जाईल. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी. महिन्यातून एकदा सबंध मजकुराची प्रत काढून ती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून मजकूर पुन्हा उभा करता येतो काय, हे करून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये. आणि शेवटचे पथ्य जुन्या वळणाचे आहे: महत्त्वाचा मजकूर कागदावर छापून एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.

२०१४ साली ‘.भारत’ ही देवनागरी नामावली सुरू झाली. संकेतस्थळाचे नावसुद्धा आता आपल्या लिपीत घेता येते. साधने आली आहेत, आणि ती फार महागही नाहीत. उणीव आहे ती सवयीची. निजामीत ज्यांनी तोंड उघडले त्यांच्या आठवणी, किल्लारीच्या ढिगाऱ्यातून वाचलेल्यांच्या हकीकती, गोदावरी आणि मांजरा काठच्या गावांच्या चालीरीती, हे सारे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांनी लिहावे, त्यांच्या नातवंडांनी ते नीट मांडावे, आणि एखाद्या दिवशी पान दिसेनासे झाले तर निराश न होता तोटीपासून पाहणीला सुरुवात करावी, एवढेच माझे मागणे आहे.