तमाशासम्राज्ञी विठाबाई

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म 1935 साली पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि वडील व चुलते, म्हणजे भाऊ-बापू, यांनी तो नावारूपाला आणला. कोवळ्या वयातच विठाबाईंच्या पायांत चाळ आले. ठसकेबाज लावणी आणि वगातला अभिनय या दोन्हींत त्यांचा हात धरणारे थोडेच निघाले.

त्यांच्याबद्दल सर्वाधिक सांगितला जातो तो बाळंतपणाचा प्रसंग. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या कनातीमागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. पुढे प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला. याला नुसती जिद्द म्हणणे अपुरे आहे. खेळ बुडाला तर फडाची चूल बंद, हा तमाशाचा व्यवहार त्यामागे होता.

राष्ट्रपतींकडून गौरव झाला, तरी अखेरची वर्षे हलाखीतच गेली. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढे चालवली. तमाशा कलावंतांसाठीचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार विठाबाईंच्याच नावाने दिला जातो.