दात, तार आणि घर्षणाचा धडा



दहावीच्या ग्रुप फोटोत दुसऱ्या ओळीत तोंड घट्ट मिटून उभी असलेली मुलगी म्हणजे मी. पुढे आलेल्या दातांवरून मला पडलेलं नाव आज कुणी घेऊ नका! त्या दातांना मी चव्वेचाळिसाव्या वर्षी तार लावली, इथेच, घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात.

वरच्या दोन दाढा काढल्या. त्या जागेत सुळे मागे सरकवायचे होते. डाव्या बाजूची फट मिटेना. मी म्हटलं, "डॉक्टर, जोर वाढवा ना." त्या हसल्या. "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना?"

मग त्यांनी समजावलं. सुळा मागे न्यायला शंभर-दीडशे ग्रॅमचा जोर पुरतो. पण दातावरचं ब्रॅकेट तारेवरून घसरताना त्यातला बराचसा, कधी निम्मासुद्धा, घर्षणात जातो. शिवाय दात सरळ सरकत नाही. आधी तो थोडा कलतो आणि तार खाचेच्या कडेला अडकते. एका बाजूनं ओढलेला ड्रॉवर अडकतो ना, तशी. मग मूळ मागून येतं, तार मोकळी होते आणि दात पुन्हा कलतो. असा महिन्याला साधारण एक मिलिमीटर.

जोर वाढवला तर? मुळाभोवतीच्या रक्तवाहिन्या दबतात, दात थबकतो, मूळ झिजू शकतं. उलट मागची दाढच पुढे येते आणि मोकळी केलेली जागा वाया जाते.

आणि घर्षण वाढवलं होतं मीच. तार दिसू नये म्हणून स्टीलऐवजी पांढरी सिरॅमिक ब्रॅकेट हट्टानं घेतली होती. त्यांच्यावर तार जास्त अडते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता त्यांनी जोर तेवढाच ठेवला. घट्ट रबरी कड्या काढून बारीक स्टीलच्या तारेनं सैल बांधलं, मुख्य तारही गुळगुळीत स्टीलची घातली. पुढच्या दोन-तीन भेटींत फट कमी होऊ लागली.

सर, घर्षणाच्या धड्यात तुम्ही बैलगाडीच्या आसाचं उदाहरण दिलं होतं. गाडी अडली की बैलाला मारू नका, आधी वंगण बघा, म्हणाला होतात. परीक्षेत मार्क मिळाले. धडा कळायला तीस वर्षं लागली.

तार अजून सहा महिने आहे. पण संध्याकाळच्या ग्रुप फोटोत मी हसणार आहे, तारेसकट.