मिरचीचं बियाणं कुणाच्या नावावर?

(सारसोळे येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सारसोळ्यात येऊन आगरी-कोळी बायकांसमोर मिरचीवर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. मसाल्यात बेडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी किती, हे मी तुमच्याकडूनच शिकावं. पण ही सगळी मिरची आपण विकत आणतो. आज मी बोलणार आहे ती बियापासून मिरची लावण्याबद्दल, आणि त्यातही सहजासहजी न उगवणाऱ्या जहाल मिरचीबद्दल.

आपल्यातल्या एकीनं भूत जोलोकियाचं बी आणलं. ही ईशान्य भारतातली मिरची. २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली होती. पुढे तिच्याहून जहाल जाती निघाल्या. आपल्या मैत्रिणीनं डिसेंबरात कुंडीत वीस बिया पेरल्या, रोज दोनदा पाणी घातलं. तीन आठवड्यांत काहीच उगवलं नाही, तेव्हा तिनं माती उकरून टाकली आणि म्हणाली, "माझा हातच वाईट."

बायांनो, हे वाक्य आपण फार लवकर बोलतो. भात करपला, मूल आजारी पडलं, बी उगवलं नाही, सगळ्याला आपलाच हात वाईट. इथे हाताचा दोष नव्हता. माहिती मिळाली नव्हती, एवढंच.

नेहमीची मिरची आठ-दहा दिवसांत उगवते. भूत जोलोकियाची जात वेगळी. तिला तीन-चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मातीत २५ ते ३० अंश ऊब लागते. डिसेंबरच्या गार रात्री बी झोपूनच राहतं. म्हणून आपल्याकडे गणपती गेले की पेरा. ऑक्टोबरची ऊब रोपांना मिळते, आणि एप्रिलच्या उन्हात फुलं गळायच्या आत फळ हाती येतं.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि चाळलेलं जुनं शेणखत असं हलकं मिश्रण घ्या, बी अर्धा सेंटिमीटरच खोल टाका. माती ओलसर हवी, चिखल नको. जास्त पाण्यानं बी कुजतं, आणि उगवलंच तर रोप बुंध्यापाशी कोलमडतं. उगवेपर्यंत भांडं घरात उबेला ठेवा, उगवल्यावर मात्र भरपूर उजेड द्या. चार-सहा पानं आली की मोठ्या कुंडीत हलवा. पानं वळून आकसायला लागली तर तो चुरडामुरडा. फुलकिडे आणि कोळी ही बारीक कीड पानाखाली असते, तेव्हा पान उलटून बघायची सवय ठेवा.

आता बी राखण्याबद्दल. दुकानातल्या संकरित पाकिटाचं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देत नाही, दरवर्षी पुन्हा पैसे मोजावे लागतात. देशी वाणाचं बी राखता येतं. पण मधमाश्या एका मिरचीचे परागकण दुसरीवर नेतात. तेव्हा बियासाठी एक फांदी निवडा, कळ्या उमलायच्या आधी तिला मलमलची पिशवी बांधा, रोज हलकेच हलवा. फळ धरलं की दोरा बांधून खूण करा. ते झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. बी सावलीत वाळवा, पुडीवर नाव आणि तारीख लिहा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुख्य तिखटपणा बियाला चिकटलेल्या पांढऱ्या गाभ्यात असतो, म्हणून बी काढताना हातमोजे घाला. नसतील तर हाताला तेल लावा, आणि नंतर साबणानं धुवा.

हात भाजण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. भिवापूर, मांढळ भागात मिरचीच्या सातऱ्यांवर बायका दिवसभर बसून देठं खुडतात. मजुरी किलोवर मिळते. मिरचीला भाव आला, मानांकन मिळालं, तरी त्या बाईचं नाव कुठे लागत नाही.

आपलंही वेगळं नाही. १९७० पासून नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, मग साडेबारा टक्के भूखंड मिळाले. त्या लढ्यात बायका होत्या. पण सातबारा बहुतेक घरी पुरुषाच्या नावावर, म्हणून मोबदलाही त्याच्याच हाती. मुलींना वारसाहक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा १९९४ चा, त्यातही आधी लग्न झालेल्या वगळलेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. तोवर किती बहिणींनी हक्कसोडीवर सह्या केल्या, ते तुम्ही जाणता.

जमीन गेली, पण बी राखण्याची कला तुमच्याकडे आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान वाण जमवून बियाण्याची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाण संरक्षण व शेतकरी हक्कांचा २००१ चा कायदा सांगतो की शेतकऱ्यानं बी राखावं, पेरावं, देवघेव करावी, विकावंही. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही. आणि या कायद्यात पारंपरिक वाण जतन करणारी व्यक्तीसुद्धा शेतकरी आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई त्यात बसते.

म्हणून एकच सुचवते. आज एक वही सुरू करू. कोणतं बी, कुणाकडून आलं, कधी पेरलं, किती उगवलं, आणि कुणी राखलं. त्या शेवटच्या रकान्यात 'अमक्याची बायको' लिहायचं नाही, स्वतःचं नाव लिहायचं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक पुडी आणावी. मी भूत जोलोकियाचं बी आणीन. ज्या मैत्रिणीचं उगवलं नाही, तिला पहिली पुडी.